गादीवाल्या चाचीचं वैर

"फोन द्या इकडं," असं म्हणून ती आधी दोन्ही हात ओढणीला पुसायची. बोटांना कापसाची तूस चिकटलेली असायची, ती निघेपर्यंत फोनला हात लावत नसे. मग चष्मा नाकावर ओढून एक नंबर दाबायची. पडद्यावर आकड्यांची लांब रांग उमटली की म्हणायची, "बसते. तुमच्या फोनात बसते." हवी ती रांग दिसली नाही तर फोन परत करायची. "यात नाही बसत. घरात दुसऱ्या कोनाचा फोन आहे का पाहा."

बसते म्हणजे ई-सिम बसते. परदेशात गेल्यावर तिथलं इंटरनेट चालावं म्हणून फोनमध्ये घालायचं सिम, पण हातात धरता येईल असं कार्ड नाही. घरूनच विकत घ्यायचं, दुसऱ्या मोबाईलवर मागवलेली चौकोनी खूण फोनला दाखवायची, झालं. विमानातून उतरलं की नेट सुरू. आमच्या कारंजा गावात ज्यांना हे कळलं, त्यांतल्या निम्म्या लोकांना ते एका गादीवाल्या बाईकडून कळलं, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण तसंच झालं.

माझं औषधांचं दुकान आणि तिचं गाद्या-रजयांचं दुकान भिंतीला भिंत लागून. नवरा गेल्यावर दुकान तिनेच सांभाळलं. सगळा बाजार तिला चाची म्हणायचा. माझ्याहून ती वयाने फार मोठी नव्हती, पण मीही चाचीच म्हणायचो.

तुमच्याही गावात असं कोणीतरी असेल, जे दुसऱ्याचं काम स्वतःचं समजून करतं, आणि लोक म्हणतात, काय मोठं मन आहे! चाचीबद्दलही तसंच म्हणायचे. ते खरं नव्हतं. चाची हे सगळं वैरापोटी करत होती, आणि ते तिने कधी लपवलंही नाही.

वैर धरण्यात तिचा हात धरणारं आमच्या ओळीत कोणी नव्हतं. एका कापडवाल्याने तिला एकदा रंग जाणारं कापड दिलं. तेव्हापासून ती त्याच्या दुकानासमोरून कधी गेली नाही. मशिदीमागच्या बोळातून वळसा घालायची. त्याच्या मुलीच्या लग्नात हिने चांगली मखमली रजई पाठवली, स्वतः गेली, आणि पाणीही न पिता परत आली. "पोरीचा काय गुना? रजई पोरीले देली. जेवन बापाचं होतं," असं तिचं म्हणणं.

माझ्यावरही एकदा तिचा राग झाला होता. मी एका गिऱ्हाइकाला सहज बोलून गेलो की चाचीच्या उशीने माझी मान धरली. पुढे कितीतरी महिने मी पाठवलेला चहा ती दुकानातल्या मांजरीपुढे ठेवायची. मांजर चहा पीत नसे. तरी ठेवायची, मला दिसेल असा.

पण ही सगळी लुटुपुटूची वैरं. खरं वैर एकच होतं.

ती उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला गेली होती. गावातल्याच एका एजंटाच्या ग्रुपमधून. एजंट तिच्या मुलाच्या वयाचा, गोड बोलणारा. निघण्याआधी त्याने सगळ्यांना ताकीद दिली की भारताचं सिम काढून ठेवा, चालू राहिलं तर घर विकावं लागेल एवढं बिल येईल. तिथलं सिम मीच देतो. म्हाताऱ्या बायका घाबरल्या. सगळ्यांनी सिम काढली, त्याने दिलेली महाग सिम घातली. मक्केला पोचल्यावर थोडेच दिवस ती चालली आणि बंद पडली. पुन्हा चालू करायची तर त्याच्याकडेच जायचं, आणि तो म्हणायचा, आज करतो, उद्या करतो. हॉटेलचं वायफाय फक्त खालच्या मजल्यावर, त्याच्या खोलीपुरतं. घरी बोलायचं असेल तर त्याच्या फोनवरून, त्याच्यासमोर, दोन वाक्यं.

इकडे मंगरूळपीरला तिची आई भावाकडे होती. चाची निघाली तेव्हा म्हातारी चांगली हिंडती-फिरती होती. अचानक खाटेला लागली. भावाने बहिणीला फोन लावला, लागला नाही. मग एजंटाला लावला. एजंट म्हणाला, सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. एजंट म्हणाला, सांगितलं, ती दुआ मागून राहिली आहे.

त्याने सांगितलंच नव्हतं.

हे मला चाचीने एका दुपारी सांगितलं. रजईला टाके घालत होती. मान वर केली नाही.

"बाजूच्या खोलीत हैदराबादची एक बाई होती," ती म्हणाली. "ते रोज नातवंडाशी बोले. हसे, गाने म्हने. मले वाटे, इचा फोन कसा चालते बाप्पा? एक दिवस इचारलं. ते म्हने, ई-सिम घरूनच टाकून आली. आनि म्हने, तुमाले बोलाचं आहे का? घ्या माह्यं नेट. तिच्या फोनाचं नेट माह्या फोनात आलं आनि भाऊ, माह्या फोन थरथराले लागला. थांबेच ना. मेसेजवर मेसेज."

तिने सुईत नवा दोरा ओवला.

"पह्यले भावाचे. मंग मायचा आवाज. भावानं तिच्या तोंडाजवळ फोन धरला होता. 'बेटी, कहाँ है तू? एक बार आवाज तो सुना.' मंग पुन्हा तेच. मंग पुन्हा. आनि सगळ्याच्या खाली भावाचं, की दफन झालं."

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, तरी मी उठलो नाही.

"तुम्ही त्याला तिथंच विचारलं नाही?" मी म्हणालो.

"इचारलं ना. म्हने, 'चाची, आपकी इबादत में खलल पडता, इसलिए नहीं बताया.' खलल! अडथळा म्हने!" तिने दात लावून दोरा तोडला. "मले वापस पाठवाचं तर जेद्द्याच्या विमानतळापर्यंत गाडी पाहा लागली असती, तिकिटाची खटपट करा लागली असती. त्याले तरास नोको होता. मी काही नाही बोलली. शिव्या देल्या की माणसाचं मन हलकं होते, भाऊ. मले हलकं करूनच घ्याचं नव्हतं."

परत आल्यावर तिने शिकायला घेतलं. हैदराबादची ती बाई तिची उस्ताद. दोघी रोज फोनवर. कोणत्या फोनात बसतं, कोणत्यात नाही. कोणत्या देशाला किती नेट पुरतं. आपल्या भारताच्या लाइनीचं रोमिंग बंद ठेवायचं आणि नव्या लाइनीचं चालू. ती चौकोनी खूण एकदाच चालते, म्हणून मध्येच सिम उडवून टाकायचं नाही. सुरुवातीला तिच्याकडून चुका झाल्या. स्वतःच्याच फोनात चाचणीसाठी घेतलेलं एक सिम तिने उडवलं आणि दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या. पण शिकली.

मग ती कामाला लागली. उमऱ्याला कोण निघालंय हे मशिदीत कळतं, तसं गादीच्या दुकानातही कळतं. ती स्वतः घरी जायची. "फोन द्या इकडं." एजंटाच्या सिमच्या पाव किमतीत काम व्हायचं, आणि ती पाव किंमतही त्या सिमच्या कंपनीला, चाचीला काही नाही. लोक आग्रह करायचे, निदान रिक्षाचं तरी घ्या. ती म्हणायची, "बदल्याचं भाडं घेत नसतात."

ग्रुप निघायचा त्या दिवशी एजंटाच्या ऑफिससमोर नागपूरची बस लागायची. चाची पिशवी घेऊन बसमध्ये चढायची आणि एकेका सीटपाशी जाऊन फोन तपासायची. एजंट खाली उभा राहून हार घालत असायचा. एकदा त्याने बसच्या दारात तिला अडवलं.

"चाची, कायले करून राह्यल्या हे?"

"तुह्यं काम हलकं करून राह्यली. निरोप सांगाचा तरास होते ना तुले."

त्याने तिला वाट दिली. बसमध्ये सगळे ऐकत होते.

हळूहळू फक्त उमऱ्याचेच लोक राहिले नाहीत. नर्सची नोकरी लागून आखातात निघालेली जऊळक्याची मुलगी आली. सिंगापूरला फिरायला निघालेलं एक जैन कुटुंब आलं. त्या शेटजींना ती म्हणाली, "भारताची लाइन बंद, नवी चालू. उलटं केलं तर बिल पाहून भोवळ येईन आनि गोयी घ्यायले या भाऊच्या दुकानात यावं लागन." मी शेजारून ओरडलो, "येऊ द्या की!" तेव्हा ती हसली होती. ती तोंड मिटून हसायची.

एजंटाचा सिमचा धंदा बुडाला. चाचीला तेवढंच हवं होतं असं मला वाटलं. पण तिचा हिशेब पुढचा होता.

लोकांच्या हातात नेट आल्यावर ते तिथून घरच्यांना सगळं दाखवायला लागले. हॉटेल हरमच्या, म्हणजे काबाच्या मशिदीच्या जवळ म्हणून सांगितलं होतं, ते किती लांब आहे, म्हातारी माणसं उन्हात कशी चालताहेत, एका खोलीत किती खाटा आहेत, जेवणात काय आहे. तिकडे तक्रार झाली की इकडे मुलं, जावई संध्याकाळच्या आत ऑफिसात हजर. पूर्वी माणसं परत यायची तोवर राग निवलेला असायचा, वर पवित्र कामाची बदनामी कशाला म्हणून गप्प बसायची. आता गरमागरम भांडण व्हायचं. पुढचे ग्रुप लहान होत गेले. मग ग्रुप जमेनात. एक दिवस ऑफिसचा बोर्ड उतरला. चाचीने त्या दिवशी साऱ्या ओळीला चहा पाजला. का, ते कोणी विचारलं नाही.

मधल्या काळात समजुतीला मोठमोठी माणसं येऊन गेली. एजंटाने तिला फुकट उमऱ्याला नेण्याचा निरोपही पाठवला होता. "त्याच्या बोटाले धरून मी जन्नतमधी पन जाणार नाही," एवढंच उत्तर गेलं.

मग तो स्वतः आला.

तो हजला निघाला होता, दुसऱ्या कोणाच्या ग्रुपमधून, साधा यात्रेकरू म्हणून. हजला जाण्याआधी माणसाने घरोघर जाऊन बोललं-चाललं माफ करून घ्यायचं असतं. साऱ्या गावाकडून माफी घेऊन झाल्यावर तो शेवटी चाचीकडे आला. त्याला दुकानाची पायरी चढताना पाहून चाचीने मला हाक मारली, "भाऊ, या इकडं. गवाह पायजे."

मी गेलो. तो गाद्यांच्या थप्पीच्या कडेवर बसला होता. चेहरा उतरला होता, दाढी पांढरी होऊ लागली होती.

"चाची, गलती झाली माह्याकडून. माफ करा. निघाचं आहे मले."

चाचीने हात ओढणीला पुसले. "फोन दे इकडं."

त्याने गोंधळून फोन दिला. तिने नंबर दाबला, आकडे पाहिले, आणि आपल्याच पैशांनी त्याच्यासाठी सिम घेतलं. खूण दाखवली. लाइनींची बटणं नीट लावली. सगळं सावकाश, एकही पायरी न चुकवता. तो आशेने पाहत होता. मलाही वाटलं, सुटला बिचारा.

फोन त्याच्या हातात देऊन तिने स्वतःचा फोन काढला आणि आईचा आवाज लावला.

'बेटी, कहाँ है तू?'

तिने तो पूर्ण ऐकवला. मग दुसरा. मग तिसरा. एजंट रडायला लागला. ती थांबली नाही.

"तुही माय आहे ना घरी?" आवाज संपल्यावर चाचीने विचारलं.

त्याने मान हलवली.

"आता तिथं ते तुले कवाबी फोन लावू शकते. एक घंटी हुकणार नाही. मी तुले नेट देते. माफी देत नाही."

"चाची, हज कबूल होनार नाही माह्यी..."

"ते तुह्यं आनि अल्लाचं. माह्यं माह्याजवळ राहू दे."

तो गेल्यावर मी म्हणालो, "चाची, एवढं करून शब्द तेवढा द्यायचा होता."

ती म्हणाली, "मी दिऊन पाह्यला, भाऊ. दुआले हात उचलते, सगळ्याइची नावं घेते. त्याच्या नावापाशी जीभच उचलत नाही. खोटं कसं बोलू?" आणि रजई ओढून घेतली.

गेल्या थंडीत चाची गेली. फार दिवस काढले नाहीत. छातीत दुखायचं, दवाखान्यात नेलं, घरी आणलं, मग एका सकाळी शेजारचं शटर वर गेलंच नाही.

जनाजा निघाला तेव्हा बाजार अर्धा बंद होता. जिचं सिम चाचीने घातलं होतं ती जऊळक्याची नर्स तिकडून भावाच्या फोनवर सगळं पाहत होती. खांदा द्यायला माणसं एकमेकांना सरकवत होती. हाजी होऊन आलेला एजंटही पुढे झाला. चाचीच्या भावाने हात आडवा धरला.

"तुमी नोका."

एजंट मागे सरला आणि शेवटी, माझ्यासोबत चालू लागला. कब्रस्तानच्या फाटकाशी तो थांबला. मी आत गेलो, सगळ्यांसोबत मूठ मूठ माती दिली, बाहेर आलो. तो भिंतीपाशीच होता.

"भाऊ," त्याने मला विचारलं, "हे तिच्या भावाचं म्हननं होतं, की तिचं?"

त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. भावाचं, असं मी म्हणालो असतो तर तो उरलेला जन्म जरा सुखाने झोपला असता. पण तिच्या दुखण्यात औषध द्यायला गेलो होतो तेव्हा चाचीने माझ्यासमोरच भावाला बजावलं होतं, की याचा खांदा मला लागू द्यायचा नाही.

"तिचं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मी चालायला लागलो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा आतली माणसं बाहेर पडत होती, आणि तो भिंतीला पाठ लावून प्रत्येकाला वाट देत उभा होता.