ब्रेक उशिरा मारला

"ब्रेक उशिरा मारला, भाऊ."

अमरावती ते अकोला या रस्त्यावर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. म्हणणारा माझ्या डाव्या हाताला बसलेला असायचा. मांडीवर डबा, आणि उजवा पाय समोरच्या मॅटवर गच्च दाबलेला. त्या बाजूला ब्रेक नसतो, हे त्याच्या पायाला कधी पटलंच नाही. टाच लागून लागून मॅटला भोक पडलं तेव्हा मी चिडलो, तर म्हणतो कसा, "तुमी येळेवर दाबला असता तं मले काहून दाबा लागला असता?"

आता गंमत बघा. या माणसाने जन्मात कधी गाडी चालवली नव्हती. कार सोडा, साधी मोपेडसुद्धा नाही. आमच्याकडे दहावीतल्या मुली शिकवणीला गाडीवर भुर्रकन जातात आणि हा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ राजापेठेतल्या घरापासून माझ्या फाटकापर्यंत पायी यायचा. सायकल होती. तीही बाहेर ओट्याला टेकलेली, दोन्ही टायर बसलेले.

अकोल्यात माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं नोकरीला होतो. मी कागद सांभाळायचो, तो माती. शेतकऱ्यांकडून आलेली ढेकळं सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीने फोडायची, चाळायची आणि पिशवीवर गावाचं नाव लिहून पुढे सरकवायची. एका खिडकीच्या खोलीत अठरा वर्षं त्याने हेच केलं. कधी डोकावलं तर म्हणायचा, "सकाळून अकोट झालं, आता बाळापूर सुरू हाय. बसल्या जागी जिल्हा फिरून रायलो."

खरा फिरायचा तो घरी, टीव्हीसमोर. गाड्यांच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम होता, त्याचे एकामागून एक भाग निघत. कॉलेजात असताना तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून खेळायचे. पडद्याचे दोन भाग व्हायचे. वरच्या अर्ध्यात थोरल्याची गाडी, खालच्या अर्ध्यात याची. थोरला एका अपघातात गेला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याहून जास्त त्याने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

पुढे त्यात कथानकं घुसवली आणि गेमची पार वाट लागली, असं त्याचं म्हणणं. "गाडी कमी अन् गोठ जास्त! अबे, मले शर्यत लावाची हाय, तुह्या हिरोच्या लग्नाले नाई याचं." त्यात नव्या भागांतून दोघांनी एका पडद्यावर खेळायची सोयच काढून टाकली. हे त्याला घरातलं कोणी वाटणी मागून गेल्यासारखं लागलं होतं. तरी दर नवा भाग तो घ्यायचा, आठवडाभर शिव्या द्यायचा आणि परत जुनाच लावायचा.

आणि एका सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याने एकदम माझा दंड धरला. मी घाबरून गाडी कडेला घेतली.

"भाऊ, तो परत येऊन रायला!"

"कोण रे बाप्पा?"

"गेम! पयल्यासारखा! गोठ नाई, काई नाई, नुसती गाडी. अन् दोघं जन एका पडद्यावर!"

मोबाइलवर दोन मिनिटांची जाहिरात होती. ती त्याने मला तिथेच तीनदा दाखवली. पुढे चहाच्या टपरीवर टपरीवाल्यालाही दाखवली. "हे वळन पाहा. गाडी कशी घसरते, पाहा ना! गाडीचं हे वजन त्याईनं मधल्या भागाइत घालवलं होतं." टपरीवाल्याने गाळणी हातात धरून मन लावून पाहिलं आणि विचारलं, "याले साखर कमी का?" ऑफिसात तर विचारू नका. गेम यायला तीन महिने होते आणि आम्हाला त्यातल्या गाड्यांची नावं पाठ झाली. अठरा वर्षांत मी त्याला एवढा आनंदात पाहिला नव्हता.

म्हणूनच माझ्या हातून ती चूक झाली. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी एक भेट मागवली. गेम खेळायचं स्टेअरिंग. खऱ्यासारखं गोल, वर काळं रबर. मोठेपणा घ्यायची हौस माझी, म्हणून घरी परतताना मीच ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने खोका उघडला आणि दोन्ही हात एकदम वर घेतले, साप निघाल्यागत.

"हे स्टेअरिंग हाय, भाऊ."

"मग? खेळण्यातलं आहे ते."

"स्टेअरिंगच हाय ना. मी बटनावाला मानूस."

बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. कुरूमजवळ आल्यावर त्याने सांगितलं. थोरल्याच्या तेराव्याला आईने त्याला समोर बसवलं. त्याच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि आपली शपथ घातली: हँडल धरणार नाही, स्टेअरिंगला हात लावणार नाही. तो तेव्हा वीस वर्षांचा होता.

आपण सगळ्यांनी लहानपणी असल्या शपथा घेतल्यात. गळ्याला चिमटा, आणि जिने घातली तिने "सुटली" म्हटलं की मोकळे. याची कोणी सोडलीच नाही. पहिली काही वर्षं आईपुढे विषय काढायची हिंमत नव्हती. मग सवय झाली. शेवटी दोन वर्षांपूर्वी त्याने मनाशी ठरवलं की अक्षय्य तृतीयेला पुरणाचं जेवण झालं की हसत हसत म्हणायचं, माय, आता सुटली म्हन. त्याच्या चार दिवस आधी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

"समजते तिले सारं," तो म्हणाला. "फक्त म्हनता येत नाई."

स्टेअरिंग माझ्या डिकीत परत आलं. मला फार लाज वाटली. अठरा वर्षं मी त्याला भित्रा समजून चिडवत होतो.

गेम आला त्या रविवारी त्याने मला दुपारी घरी बोलावलं. आई खाटेवर उशांना टेकून बसलेली, केस नीट विंचरलेले. ते तोच करायचा. मी दारातून आत येतो न येतो तोच, "परत आला, भाऊ! अस्सल! वजन हाय गाडीले!" असं ओरडत त्याने मला खुर्चीत ढकललं.

मला वाटलं, दुसरा खेळाडू मी. पण गेमचा दुसरा रिमोट त्याने आईच्या चांगल्या हातात, डाव्या हातात दिला आणि तिचा अंगठा बटणावर ठेवला. वरचा अर्धा पडदा तिचा.

"दाब, माय."

तिने दाबलं. गाडी सुटली, भिंतीला घासली, थांबली. तिने परत दाबलं. हा तिच्यामागे हळूहळू चालवत होता. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडणारा माणूस बैलगाडीच्या चालीने येत होता. आईच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मला कळलं, आज तो विचारणार. तीन महिन्यांची ती सगळी खुशी एका गेमची नव्हती.

"माय," तो तिच्याकडे वळून म्हणाला. अंगठा बटणावर तसाच होता. "ते शप्पथ... तोंडानं नको म्हनू. माहा हात दाबला तरी चालते. सुटली समजीन मी."

तिकडे खालच्या पडद्यावर त्याची गाडी सुसाट निघाली होती. रस्ता वळला, ती वळली नाही. दुभाजकावर आदळली, उलटली, काचा उडाल्या. हल्लीचं चित्र इतकं खरं असतं की मीसुद्धा खुर्चीत दचकलो.

आईच्या हातून रिमोट पडला. गळ्यातून एक आवाज आला, कसला ते मला सांगता येणार नाही. तिचा डावा हात उठला, त्याच्या गळ्यापाशी गेला आणि तिने कातडी चिमटीत धरली. धरूनच ठेवली. तो हलला नाही. लहान मुलासारखी मान पुढे करून बसून राहिला, तिचा हात थकून खाली येईपर्यंत.

मग माझ्याकडे बघून हसला. गळ्यावर लाल वळ.

"पुन्हा लागली, भाऊ."

त्याच थंडीत आई गेली. तेराव्याला मी गेलो तेव्हा पंगती उठल्या होत्या, माणसं पांगली होती. तो आतल्या खोलीत एकटाच होता. मी अक्कल पाजळली. म्हटलं, "आता तरी सोड रे. मी मोठा आहे तुझ्याहून. मी म्हणतो, सुटली."

"जिनं लावली तिनंच सोडा लागते ना, भाऊ," तो शांतपणे म्हणाला.

टीव्ही चालू होता, आवाज बंद. पडद्याचे दोन भाग केलेले. वरच्या अर्ध्यात एक गाडी निघायच्या रेषेवर तशीच उभी होती आणि तिचा रिमोट रिकाम्या खाटेवर, उशीपाशी ठेवलेला होता. खालच्या अर्ध्यात तो एकटाच फेरी मारत होता, एकही वळण न चुकवता. फेरी पूर्ण करून त्याची गाडी त्या उभ्या गाडीमागे आली. पुढे रस्ता मोकळा होता.

त्याने ब्रेक मारला. बऱ्याच आधी, हळूच. आणि तिथेच थांबून राहिला.