आमच्या गावावर समुद्र आला नव्हता

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलाने आम्हा दोघांसाठी रिसॉर्टची एक खोली घेतली. आम्ही कर्जतला राहतो, त्यामुळे खालापूरच्या बाजूला जायचं म्हणजे फार लांब नाही. चौक मागे पडलं, गाडी आत वळली आणि डोंगराची ओळखीची सोंड समोर आली, तेव्हा मी यांना म्हटलं, अहो, हा तर आमच्या धरणाचा रस्ता. त्या पाण्याखाली माझं माहेर आहे. मी कॉलेजात असताना धरण झालं आणि गाव उठलं. त्यानंतर त्या काठाला माझं पाऊल पडलं नव्हतं.

रिसॉर्टच्या दारातच मोठा फलक होता. ‘प्राचीन बुडालेल्या नगरीची बोट सफर.’ यांनी तो माझ्या आधी वाचला आणि मला हळूच म्हणाले, आपण खोलीतच बसू, चहा घेऊ. हे आयुष्यभर कुंभिवलीच्या कारखान्यात नोकरी केलेले, कटकट टाळणारे. मी म्हटलं, नाही, जायचं. आमचं गाव कधीपासून प्राचीन झालं ते मला बघायचं होतं.

मे महिना होता, पाणी तळाला गेलेलं. बोटीत आमच्याशिवाय मुंबईचं एक तरुण जोडपं आणि पुण्याचं एक कुटुंब होतं. बोट चालवणारा चाळिशीतला माणूस, गळ्यात माईक अडकवलेला. त्याने सांगायला सुरुवात केली. फार पूर्वी समुद्र इथपर्यंत होता. इथे एका राजाची नगरी होती. राजाने साधूचा अपमान केला, साधूने शाप दिला आणि एका रात्रीत समुद्राने नगरी गिळली. पुण्याच्या बाईंनी हात जोडले. मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझा हात धरून ठेवला होता, मी उठून उभी राहीन या भीतीने.

आमच्या गावावर समुद्र आला नव्हता. मोजणीची माणसं आली होती, टेप आणि चुन्याच्या पिशव्या घेऊन. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घरावरची कौलं उतरवली, दाराची चौकट काढली आणि टेंपोत भरली. शेवटच्या सकाळी आई चूल सारवत बसली होती. वडील ओरडले, आता कशाला? ती म्हणाली, मग काय तशीच टाकून जायची? महादेवाची पिंडी नव्या वस्तीवर नेली, देऊळ जागच्या जागी राहिलं. या सगळ्यात शाप कुठे होता? सह्या होत्या, अंगठे होते.

बोट देवळापाशी टेकली. कळसापासून पायरीपर्यंत सगळं उघडं पडलं होतं. लोक बूट घालून गाभाऱ्यात शिरले, फोटो काढू लागले. पलीकडे भेगाळलेल्या चिखलात घरांची जोती ओळीने दिसत होती. माईकवाला म्हणाला, ही राजाची बाजारपेठ. ती आमची आळी होती. तिसरं जोतं आमचं. मग त्याने टेकाडावरची अर्धी भिंत दाखवली आणि राजाचा दरबार म्हणून सांगितलं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

“ती शाळा आहे. चौथीपर्यंत मी तिथे शिकले.”

सगळे हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत. माईकवाल्याने माईक बंद केला, जवळ आला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, लोक गोष्ट ऐकायला येतात. तुमचं गाव बघायला कोण येणार?”

तो उद्धटपणे बोलला असता तर मी भांडले असते. तो खरं तेच सांगत होता आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी आमच्या जोत्याकडे चालू लागले.

तिथे मुंबईचा तो तरुण शेजारच्या जोत्यावरून जात्याचा वरचा दगड उचलून घेत होता. बायको सांगत होती, बाल्कनीत कुंडीखाली छान दिसेल. दगडाची एक कड उडालेली होती. ती माझ्यासमोर उडाली होती, आमच्या शेजारच्या काकीच्या अंगणात. मी त्याला दगड खाली ठेवायला सांगितलं.

“काकू, हजार वर्षांपूर्वीची वस्तू आहे. इथे वायाच जाणार ना?”

“ती जिची आहे ती जिवंत आहे,” मी म्हटलं. “इथून अर्ध्या तासावर राहते.”

त्याने आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं. यांनी नुसती मान हलवली. त्याने दगड ठेवला. मग यांनीच वाकून तो उचलला, धापा टाकत बोटीपर्यंत आणला आणि माईकवाल्याला म्हणाले, हा आमच्याबरोबर येणार. परतताना समुद्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही खोलीत थांबलोच नाही. दगड गाडीत टाकून थेट हायवेच्या कडेला, नव्या वस्तीवर गेलो. काकी आता पार वाकली आहे. तिने दगडावरून हात फिरवला आणि टेंपोत जागा नव्हती म्हणून हा राहिला, असं कालचीच गोष्ट असल्यासारखं सांगितलं. मी बोटीचं, माईकचं, राजाचं सगळं ऐकवलं. तिला शापाचं काही वाटलं नाही. तिने एकच विचारलं.

“आपला गाव बगाया पैसं घेतात?”

हो म्हटल्यावर तिने दाराकडे पाहिलं. दारात रिकामे हंडे ओळीने लावलेले होते. धरणाचं पाणी शहराला जातं, या वस्तीला दिवसाआड येतं. मग ती म्हणाली, मला ने गं एकदा.

पुढच्या रविवारी आम्ही वस्तीवरची माणसं घेऊन गेलो, दोन गाड्या भरून. तिकीट काढणार नाही, असं माझ्या भावाने काउंटरवर सांगितलं. तिथल्या माणसाने फोन लावला, काहीतरी बोलला आणि आम्हाला सोडलं. काकीला दोघांनी धरून बोटीत बसवलं. बोट सुटली आणि माईकवाल्याने सवयीने सुरू केलं, फार पूर्वी समुद्र इथपर्यंत…

“कुटला समुद्र रं बाबा?” काकीने विचारलं.

त्याने माईक काढून मांडीवर ठेवला. त्यानंतर काकी बोलत राहिली. कुणाचं घर कुठे, विहीर कुठे, कुणाच्या अंगणात लग्नाचा मांडव पडायचा. तो खाली बघून बोट चालवत होता. देवळापाशी उतरताना त्याने चपला काढून बोटीत ठेवल्या, एवढं मी पाहिलं.

फलक अजून तसाच आहे. मागच्या आठवड्यात भाऊ त्या रस्त्याने गेला होता. म्हणाला, नवीन रंग दिलाय आणि ‘प्राचीन’च्या आधी ‘अति’ जोडलंय.