खोटा गंज

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोन महिने गच्चीवर घार शोधत होते, त्याला जबाबदार मी. लालबागच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, बाल्कनीत बसून मी जुन्या करवतींना धार लावते. पोलादावर तिकोनी कानस फिरली की जो आवाज होतो, तो दोन मजले वर आणि दोन मजले खाली व्यवस्थित पोचतो. तक्रार आली तेव्हा मी अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, की टाकीमागे घारीने घरटं केलंय आणि पिल्लं भुकेली आहेत. खरं काय ते कळल्यावर सेक्रेटरी चार दिवस फुगून बसले. पाचव्या दिवशी स्वतःच्या वडिलांची गंजलेली करवत वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. तेव्हापासून तक्रार बंद आहे.

हे वेड मला बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लागलं. कपाटाच्या फळ्या कापून घ्यायला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेले होते, तिथे भंगाराच्या ढिगात शिसवी मुठीची एक करवत पडलेली दिसली. आताच्या सुतारांना ती नको असते. त्यांची पाती मशीनची, बोथट झाली की फेकून द्यायची. मी ती उचलून घरी आणली. नवऱ्याने विचारलं, "आता कोणाला कापायचा विचार आहे?" मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही." तेव्हापासून मी बाल्कनीत असले की तो आत बसून पेपर वाचतो.

धार लावणं हे तसं सोपं काम आहे, फक्त घाई चालत नाही. आधी पातं व्हिनेगरमध्ये भिजवून गंज सैल करायचा आणि पॉलिश पेपरने घासायचं. मग सगळ्या दातांच्या टोकांवरून सपाट कानस फिरवून ती एका ओळीत आणायची. असं केलं की प्रत्येक टोकावर एक बारीक चमक दिसते. ती चमक म्हणजे बोथटपणा. दोन दातांच्या खाचेत तिकोनी कानस घालून चमक जाईपर्यंत घासायचं, चमक गेली की थांबायचं. शेवटी एक दात जरासा डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवायचे, म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. यात मी बरी तयार झाले आणि तिथेच घोटाळा झाला. बरं जमायला लागलं की माणूस नको तिथेही हात चालवतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझ्या माहेरच्या चाळीतल्या काकींनी मला भोईवाड्यात बोलावून घेतलं. काकींनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे माझं वय त्यांच्या लेखी अजून नऊच्या पुढे गेलेलं नाही. काका मिलच्या सुतारखात्यात होते. मला ते जिन्यातून चढता-उतरताना दिसायचे तेवढेच, कमी बोलणारा माणूस. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. काकींनी पलंगाखालून लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली करवत काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाईमाणसान करवतीक धार लावूची म्हणजे कमालच झाली," त्या म्हणाल्या. "पण लावतंस तर नीट लाव. खंडेनवमीच्या आदी व्हयी माका. पूजेक ठेवूची असा."

मी रविवारी कामाला बसले. पातं चांगल्या पोलादाचं होतं, नखाने टिचकी मारली की खणखणायचं. गंज बराचसा वरवरचा निघाला. फक्त मुठीजवळ एका ओळीत पाच गोल काळपट डाग होते आणि ते चांगलेच खोल गेले होते. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, राहू देत. मी पडले हट्टी. दुपारचं जेवण बाजूला ठेवून मी त्या पाच डागांच्या मागे लागले, तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर संपवले आणि संध्याकाळपर्यंत पातं असं स्वच्छ केलं, की त्यात मला माझं नाक दिसत होतं. मग धार लावली, तेल पाजलं आणि आधीचा नि नंतरचा असे दोन फोटो काकींच्या मुलाला पाठवले. तो मस्कतला असतो. मला कौतुक हवं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याचं उत्तर आलं: "ताई, झकास! पण ते पाच ठसे गेले का? बाबांच्या बोटाचे होते. दर खंडेनवमीला कुंकू लावायचे, त्याचेच डाग. आई अजून दर वर्षी त्यांच्यावरून हात फिरवत बसते."

एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याचं बोट या जगात फक्त पाच ठिकाणी शिल्लक होतं, आणि ते मी पॉलिश पेपरने घासून मोरीत सोडून दिलं होतं. नवमी बुधवारी होती. काकींना खरं सांगायचं असं मी ठरवलं, आणि तासाभरात ते रद्द केलं. त्या हात फिरवायला जातील आणि हाताला काहीच लागणार नाही, हे मला बघवलं नसतं. मुलालाही मी सरळ कळवून टाकलं, की फोटोत प्रकाशामुळे दिसत नाहीयेत.

म्हणजे आता एकच मार्ग उरला. गंज पाडायचा.

मुंबईत गंज कधी मागावा लागत नाही. साधी टाचणी ओली राहिली तर सकाळी लाल होते. वर्षानुवर्षं मी या गंजाला शिव्या घातल्या, पण ज्या दिवशी त्याला आवतण दिलं, त्या दिवशी तो आला नाही. तेल मीच पाजून ठेवलेलं, पातं पाण्याला दादच देईना. मग साबणाने धुतलं, मीठ आणि व्हिनेगर कालवलं, त्यात हळदकुंकू मिसळलं. आणि लक्षात आलं, की माझं बोट चालायचं नाही. पुरुषाचं बोट हवं.

मी आत जाऊन म्हटलं, "अहो, जरा बोट द्या."

नवरा पेपरमागून बघायला लागला. त्याने बँकेत सगळी नोकरी खोट्या सह्या पकडण्यात घालवली आहे. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी आता खोटा अंगठा उठवायचा?"

"अंगठा नको, अनामिका."

"आणि पकडलो गेलो तर?"

"तर मी म्हणेन, मला काही माहीत नाही."

कुरकुरत का होईना, पण बसला. मी जुन्या फोटोवर पट्टी धरून अंतरं मोजली आणि त्याने एकेक ठसा असा दाबला, जसा काही दस्तऐवजावर. एकदा काम सुरू झाल्यावर त्याला चेव आला. "तिसरा जरा तिरका आहे मूळ प्रतीत," असं त्यानेच दाखवून दिलं. फोटोतले डाग त्याच्या बोटापेक्षा लहान होते, ते मला दिसलं होतं. पण इतक्या वर्षांत ते आक्रसले असतील, अशी मी माझी समजूत घातली. गंज आक्रसतो असं कुठेही लिहिलेलं नाही.

दोन दिवस मी त्या पाच ठिकाणी ओला कापूस ठेवत होते, काढत होते. मंगळवारी संध्याकाळी डाग धरले. लालसर, किंचित खडबडीत, वर थोडी काजळी चोळली तर थेट जुने. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. खरं सांगते, धार लावल्याचा मला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता.

बुधवारी सकाळी भोईवाड्यात गेले. काकींनी पाट मांडून ठेवला होता, त्यावर काकांचा हातोडा, रंधा, पटाशी. करवत हातात घेऊन त्यांनी आधी दातांवरून अंगठा फिरवला. "लागली," म्हणाल्या. मग पातं उजेडाकडे धरलं.

मी लगेच सुरू झाले. "काकी, रविवारी बसून सगळं साफ केलं, पण हे ठसे मुद्दाम ठेवले हं. हात म्हणून लावला नाही. काकांची आठवण, म्हटलं. पाणीसुद्धा जपून लावलं आजूबाजूला."

काकी पातं न्याहाळत राहिल्या. मी आणखी वाहवत गेले. अशा आठवणी कशा जपायला हव्यात, आजकाल लोकांना त्याची किंमत नाही, वगैरे. काकींनी मला पुरतं बोलू दिलं.

मग त्यांनी आपलं बोट पहिल्या ठशावर ठेवलं. बोटाच्या भोवती सगळीकडून डागाची कड दिसत राहिली.

"ही बोटां कोणाची गो?"

मी म्हटलं, "काकांची."

"ह्येंनी जन्मात कधी देवाक हात जोडूक नाय," काकी म्हणाल्या. "युनियनवालो माणूस. लोखंडाक कुंकू बघल्यार खवळत, 'सडात ता, कितीदा सांगू?' म्हणान. मीच लावी गो चोरून. दसरो झालो काय ह्ये रागारागान घासूक बसत, आणि पुढल्या वर्सा मी परत थंयच लावी. चाळीस वर्सां घासल्यानी, तरी ओळ दिसाच. आणि तू एका आयतवारात घालयलंस!"

मी जमिनीकडे बघत विचारलं, "मग तुमचा मुलगा कसं म्हणतो, बाबांचे म्हणून?"

"त्याका वाटता तर वाटां दे. बापसाचे म्हणान सांभाळता. आवशीचे म्हटल्यार सांभाळीत काय?"

"पण डाग खूप खोल होते, काकी. दर वर्षी घासत होते तर इतके खोल कसे?"

"ह्ये होते तवा खोल नव्हते," काकी म्हणाल्या. "घासणारो गेलो, मग कोण काढतलो? वर्सभर कुंकू तसांच ऱ्हवता. मी आपली हात फिरवन बघतंय, ह्येंनी मधीच येवन घासल्यानी तर नाय मा?"

हे त्या हसत म्हणाल्या. मला मात्र हसता आलं नाही. इतकी लबाडी केल्यावर तिथे रडायचा हक्कही मला उरला नव्हता, तरी डोळे भरलेच.

"आता रडा नको," काकी म्हणाल्या. "आदी सांग, बोटां कोणाची?"

सांगावं लागलं.

"तुझ्या घोवाची बोटां माझ्या घोवाच्या करवतीर कित्याक? काढ आदी ती!"

मग काय, चाळीच्या गॅलरीत फतकल मारून बसले आणि माझाच गंज मी घासायला घेतला. दोन दिवस खपून पाडलेला, अप्रतिम गंज. काकी डोक्यावर उभ्या राहून सूचना देत होत्या, जोर नाही, हात सरळ नाही, ह्ये असे घासत नसत. पातं परत लख्ख झालं. तोवर काकी कुंकवाची वाटी घेऊन आल्या, त्यात पाणी घातलं आणि बोट बुडवलं. ते ओलं कुंकू बघून माझं डोकं फिरलं. मी तीन दिवस काय केलं होतं, ते माझं मला माहीत.

"काकी, नका ना लावू परत!" मी ओरडलेच. "नुसतं फूल वाहा. लोखंड आहे ते, सडेल! कितीदा सांगायचं?"

काकींचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी एकेक करून, सावकाश, पाच ठसे दाबले. माझ्यावरची नजर न काढता.

"पुढल्या वर्सा ये घासूक," काकी म्हणाल्या. "आणि येताना ह्याच तोंड घेवन ये."