उंबरखारचा दुसरा सातबारा

आमच्याकडे बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडी घेऊन सासरी जायचं, अशी रीत आहे. वडील गेल्यावर मीही केली. पनवेलच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा टेकवला, बाहेर येऊन दादाने मिसळ खाऊ घातली आणि उंबरखारवरचा माझा हिस्सा संपला. उंबरखार म्हणजे आमचं भाताचं शेत. बांधावर उंबर होता, म्हणून ते नाव. साडी मोरपंखी होती, ती मी एकदाही नेसले नाही.

कामोठ्यात मी दहावीच्या शिकवण्या घेते. त्यातून उरतं त्यात मी वेबसाइटचे पत्ते, म्हणजे डोमेन, घेऊन विकायला लागले. डॉट कॉममधली चांगली नावं लोकांनी कधीच गिळली होती, जशा जमिनी भावांनी. मग मी नव्या शेपट्यांकडे वळले. डॉट शॉप, डॉट होम्स, असल्या.

दादाचं पनवेलमध्ये प्लॉटचं ऑफिस आहे. तो पोट धरून हसला. "डॉट कॉम म्हणजे एन.ए. प्लॉट. बाकी सगळी गुंठेवारी. कधी पाडतील नेम नाय!"

"आणि कामोठ्यात भात होता तेव्हा इथे प्लॉट घेणाऱ्याला तू काय म्हणाला असतास?" मी विचारलं.

नवी शेपटी दिसली की उचल, असं मी कधीच केलं नाही. त्यातली बहुतेक नावं कचरा असतात, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाला खिसा कापतात. माझा नियम एकच. टिंबाच्या अलीकडचं आणि पलीकडचं मिळून एका दमात अर्थ लागला पाहिजे. रिक्षात बसले की मी रिक्षावाल्याला नाव एकदाच सांगते आणि उतरताना विचारते. त्याला आठवलं तर ठेवायचं, नाही तर सोडून द्यायचं. या नियमावर मी कमावलंय, उगाच नाही बोलत.

फक्त एक नाव मी विकण्यासाठी घेतलं नव्हतं. उंबरखार डॉट होम्स. शेत गेलं, निदान नाव तरी आपल्याकडे असावं म्हणून घेतलं आणि दरवर्षी न चुकता त्याचे पैसे भरत राहिले. गणपतीत जेवताना हे सांगितलं, तेव्हा दादाच सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

मग दादाने एका बिल्डरबरोबर त्याच शेतावर इमारत काढली. नावही उंबरखारच ठेवलं. एके दिवशी हायवेवर रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोर भलंमोठं होर्डिंग. हसणारं जोडपं, आणि खाली ठसठशीत अक्षरांत माझा पत्ता. उंबरखार डॉट होम्स! मला विचारलंसुद्धा नव्हतं. बहीण काय, देईलच. संतापाने माझे कान तापले. घरी गेल्यावर मी त्या पत्त्यावर एकच ओळ टाकली: "ही जागा खासगी मालकीची आहे."

दोन दिवसांत दादा दारात. हातात पेढे, साडीची पिशवी, आणि बाजू घ्यायला सोबत आई.

"डॉट कॉम कुणीतरी अडवून बसलाय, तोंडाला येईल तो भाव सांगतो," तो म्हणाला. "तुजा तो नाव ट्रान्सफर करायचा कोड दे. घरातल्या घरात काय धरायचा?"

"गुंठेवारी कशाला हवी तुला?"

"आगं, होर्डिंग लागली, पेपरात जाहिरात गेली. लोक मोबाइलवर बघतात न् तुजी ती पाटी दिसते. लाज गेली माजी."

"माझी कचेरीत गेली होती," मी म्हटलं. "तेव्हा कुणी पेढे आणले नव्हते. नाव माझं आहे आणि माझंच राहील. वापरायचं तर भाडेपट्टा कर. दरवर्षी भाडं, कागदावर मालक म्हणून माझं नाव. हक्कसोड एकदा दिली, पुन्हा नाही."

दादाने आईकडे पाहिलं. "सांग न् तिला."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं, आता म्हणणार, भावाशी भांडू नको. तिनेही तिच्या माहेरी अशीच सही केली होती, आणि त्याबद्दल जन्मात कधी चकार शब्द काढला नव्हता.

"भाडा दे तिला," आई दादाला म्हणाली.

दादाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून कागद कधी करायचा ते विचारलं. साडीची पिशवी मी त्याच्या हातात परत दिली. तो चपला घालत होता तेव्हा आई माझ्याजवळ सरकली.

"माज्या म्हायेरच्या शेताला आमी वाघबीळ म्हणायचो," ती हळूच म्हणाली. "त्याचा नाव शिल्लक हाय का बघ गं."

मी मोबाइल काढून बघितलं. होतं.