ट्रान्सफॉर्मरची रजा

पहिलीपासून इंग्रजी शिकवा असा आदेश आला, तेव्हा कर्नाटकातल्या औरादच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजीत चार ओळी धड लिहिणारा एकही मास्तर नव्हता. आदेश काढणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. आदेश कन्नडमध्ये होता. मी मुकाट्यानं बसस्टँडजवळ, खताच्या दुकानावर भरणाऱ्या क्लासला नाव घातलं. 'प्रौढांसाठी व्यवहारी इंग्रजी लेखन' अशी पाटी होती. सर हैदराबादच्या कॉल सेंटरमधून परतलेले. का परतले हे कुणी विचारलं नाही, कारण ते टाय बांधायचे.

क्लासात माझ्या बाकावर एक अक्का बसायची. तिच्या सासऱ्यानं मेंढरं राखली, ती रोजानं शेतात जायची. मराठी लिहिता-वाचता यायचं. तिच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. विजेच्या ऑफिसात मराठीत अर्ज देऊन झाला, कन्नडमध्ये देऊन झाला. कुणीतरी तिला सांगितलं की इंग्रजी अर्ज साहेब उभं राहून वाचतात. म्हणून ती इंग्रजी शिकायला आली.

सरांकडे अर्जाचा एकच नमुना होता: ताप आल्यामुळे तीन दिवसांची रजा मिळावी. कोणतंही काम असो, नमुना हाच. तापाच्या जागी आपली अडचण घालायची.

"गुरुजी, ह्या पयल्या ओळीचा अर्थ काय?" अक्कानं मला विचारलं.

"अत्यंत आदरानं भीक मागून कळवते."

"भीक कामून? बिल भरतो की आमी!"

सरांनी ऐकलं. म्हणाले, "इंग्रजीत मागावीच लागते."

तिनं रोज संध्याकाळी घासून घासून अर्ज लिहिला. आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर आजारी आहे, त्याचं अंग जळालं आहे, इथवर ठीक होतं. शेवटी रजेची ओळ आली तेव्हा ती अडली.

"सर, ही ओळ काढू का? मला रजा नको, लाइट पायजे."

"ती अर्जाची शेपटी आहे. शेपटी तोडली तर अर्ज ऑफिशियल राहत नाही," सर म्हणाले.

ओळ राहिली. अर्ज ऑफिसात गेला आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. अक्का तो कागद घेऊन शाळेत आली. तिच्याच अर्जाच्या कोपऱ्यात शिक्का होता, खाली साहेबांची झोकदार सही, आणि इंग्रजीत लिहिलं होतं, 'रजा मंजूर'. मी वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून एवढी हसली की पोरं वर्गातून डोकवायला लागली. हसू ओसरलं तसा तिचा चेहरा तापला.

"चला गुरुजी माझ्यासंगं."

ऑफिसात गर्दी होती. तिनं साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला.

"साहेब, आमच्या ट्रान्सफॉर्मरला रजा दिलीत, लई बरं केलंत. दमला व्हता बिचारा. पर आमचे गुरुजी रजेवर गेले की शाळंत बदली मास्तर येतो. आमचा बदली कुठंय?"

साहेबांनी कागद बघितला, सही ओळखली. कारकुनानं घाईघाईनं कागद ओढला, पण तोवर मागच्या शेतकऱ्यानं तो मोठ्यानं वाचलाही होता, आणि त्याच्या मागच्यानं दखनी उर्दूत सगळ्यांना समजावला होता. अख्खं ऑफिस हसायला लागलं. साहेबही हसले, दुसरं काय करणार? "कळवतो वर," म्हणाले.

"वर न्हाई, खाली कळवा. आमी खाली ऱ्हातो," अक्का म्हणाली, आणि बाकावर ठाण मांडून बसली. साहेबांनी तिच्यादेखत फोन लावला तेव्हाच उठली.

त्याच आठवड्यात ट्रॅक्टरवरून ट्रान्सफॉर्मर आला. सरांनी पाटीखाली ठळक अक्षरांत लिहून घेतलं: 'आमच्या अर्जानं वीज येते.' क्लासला बसायला जागा उरली नाही. माझ्या खात्यातल्या दोन मास्तरांनीही नावं घातली.

मला वाटलं, अक्काचं काम झालं, आता ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर होती.

"लाइट तर आली की," मी म्हणालो.

"व्हय, आली. पर ह्या टायमाला घरी असलं की कुणी ना कुणी काम सांगतंयच. हितं बसलं की म्हणतात, अक्का शिकायली." तिनं वही उघडली. "आज काय हाय?"

युरियाच्या वासात सर टायची गाठ सारखी करून फळ्याकडे वळले.