दीपगृहातली दुपारची झोप

भरकटलेल्याला वाट दाखवण्याइतकं मोठं पुण्य नाही, अशा अर्थाचं काहीतरी दीवच्या त्या जुन्या दीपगृहापाशी संगमरवरावर कोरलंय. खाली उद्घाटनाला आलेल्यांची नावं आहेत... ती दुप्पट मोठ्या अक्षरांत.

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. आम्ही सदाशिव पेठेतले. घरात देवसुद्धा चौकशी करूनच ठेवलेत.

गेल्या एप्रिलात मी, बायको मेधा आणि आई गाडीने दीवला गेलो. पूल ओलांडला की बेट. आई एकोणऐंशीची. अलीकडे ती विसरते – आधी गॅस, मग नावं, आणि कधीकधी आपण कुठे आहोत तेही. म्हणून तिला एकटं सोडत नाही.

दीपगृह चारला उघडतं. आम्ही तीनलाच पोचलो.

"इतक्या लांब येऊनही एक ते चार बंदच," मेधा म्हणाली.

ती पाणी आणायला गेली. आई झाडाखालच्या बाकावर बसली होती. मी गाडी सावलीत लावून आलो, तर बाक रिकामा.

एका बाजूला खडक, खाली समुद्र, डोक्यावर ते ऊन. मी खडकांकडे धावलो, मेधा रस्त्याकडे. जन्मात मी कुणाला एवढ्या मोठ्याने हाक मारलेली नाही. लाटांकडे बघायचं धाडस होत नव्हतं... तरी बघत होतो.

शेवटी दीपगृहाचा रखवालदार सायकलवरून आला. त्याला मदत मागितली. आधी आतल्या फोनवरून पोलिसांना कळवू म्हणत त्याने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार ढकललं.

आत पहिल्या पायरीवर आई बसली होती. चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

"किती रे उशीर," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. गार होता.

"आई, तू आत कशी आलीस?"

"त्या गृहस्थांनी घेतलं. म्हणाले, 'बाई, दुपारच्या वेळी उन्हात भटकायची काय हौस? इथे पडा जरा, मुलगा येईल.' माठातलं पाणी दिलं. छान डोळा लागला. तापट आहेत, पण माणूस चांगला."

"मराठीत बोलले?"

"मग? मला गुजराती कुठे येतं?"

"आणि गेले कुठे?"

"वर. तिथेच राहतात म्हणे."

रखवालदाराने आईकडे पाहिलं, मग कुलपाकडे. किल्ली एकच. दुसरं दार नाही. आत जिना, फोन आणि फ्यूजची पेटी – माठ नाही. वर कुणी राहत नाही, दिवा आपोआप लागतो, असं तो म्हणाला.

मी वर गेलो. खरंच कुणी नव्हतं. तशी दोनदा खात्री करून घेतली आणि मगच दिव्यासमोर उभा राहून हळू आवाजात म्हणालो, "आपले फार उपकार झाले."

आईला तो दिवस आता आठवत नाही. मला रोज आठवतो. उलगडा अजून झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली मी तो फारसा शोधतही नाही. आई समोर बसून चहा पिते, तेवढं पुरतं.

त्या दिवशी खाली आलो तेव्हा रखवालदार पावतीपुस्तक काढून उभा होता. "माताजी का टिकट."

"अहो, ती बघायला कुठे आली होती?"

"अंदर थीं ना?"

पैसे दिले. ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही.