कावळ्याचं पान

शकुन-अपशकुन असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. कॉलेजात फिजिक्स शिकवतो, मानणार कुठून! पण ही गोष्ट मला मेल्याहून मेल्यासारखं करते... म्हणून लिहितोय.

म्हैसूर, सरस्वतीपुरम. तीन वर्षांपूर्वीचा आषाढ, बाबांचं श्राद्ध. धाकटा भाऊ रघू कोडगूत कॉफीच्या मळ्यावर नोकरीला, डोंगराच्या पायथ्याशी क्वार्टर्स. पावसामुळे तो आला नव्हता. आई चार दिवस टीव्हीवर दरडींच्या बातम्या बघून घाबरलेली.

साडेबाराला मी गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही. दीड वाजला. कावळा नाही. नेमानं येणाऱ्या साळुंक्या नाहीत, पारवे नाहीत, समोरच्या बदामावर पोपटांचा गलका असतो तोही नाही. आमच्याकडे तर पाऊसही नव्हता.

"पाखरं कुठं गेली रे? काहीतरी होणार," आई म्हणाली आणि तिनं रघूला फोन लावला. डोंगर सोडून निघून ये म्हणाली. तो बिचारा बॅग भरायला लागलासुद्धा.

मी वैतागलो होतो. पोटात कावळे ओरडत होते आणि सुम्ने, उगाच या खुळापायी तो घाटात गाडी घालणार! मी वर गेलो, पानातला भात हातानं विस्कटला, वडा उचलून शेजारच्या परसात भिरकावला. खाली येऊन म्हणालो, "आई, शिवला. चल, जेवू."

तिनं हात जोडले. रघूला परत फोन केला — कावळा शिवला, आता काळजी नाही, पावसात निघू नकोस.

चारच्या सुमारास दरड कोसळली. क्वार्टर्स गाडले गेले. रघूला दुसऱ्या दिवशी काढलं. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

त्याला काढलं त्या सकाळी आमच्या गच्चीवर सगळी पाखरं हजर! शंभरावर किलोमीटर दूरचा डोंगर इथल्या कावळ्यांना कसा कळला? बरंच वाचलं, एका पक्षीतज्ज्ञालाही विचारलं. अजून उत्तर नाही.

आई आल्यागेल्याला सांगते, बाबांचा कावळा शिवला म्हणूनच रघू जिवंत निघाला. मी मान खाली घालून ऐकतो.

मागच्या महिन्यात आई देवळात गेली होती. जयपूर फूटचे पट्टे आवळता आवळता रघूनं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी कावळा खरंच आलेला काय?"

मी म्हणालो, "हो."